ताटाची डावी बाजू: आमच्या पोळी-भाजी केंद्रातील मीठ-तेल मोजणीच्या नोंदी

११ नोव्हेंबर २०२४, सोमवार

दिवाळीच्या सुटीनंतर केंद्र आज पुन्हा सुरू झाले. आमच्याकडून बरीच वर्षे दुपारचा डबा घेणारे एक निवृत्त गृहस्थ सुटीत छातीत दुखू लागल्याने रुग्णालयात होते. स्टेंट बसवून त्यांना आता घरी सोडले आहे. त्यांच्या पत्नी सकाळी डॉक्टरांचा कागद घेऊन आल्या. त्यावर औषधांच्या यादीखाली ‘मीठ कमी, तेल कमी’ एवढेच लिहिलेले होते. त्यांनी साधा प्रश्न विचारला, ‘तुमच्या डब्यात मीठ किती असतं?’ केंद्र चालवणाऱ्या गटातल्या आम्ही नऊ जणी एकमेकींकडे पाहत राहिलो. सांगलीच्या बाजारात शाळूचा आणि हळदीचा भाव काय चालला आहे हे आमच्यापैकी प्रत्येकीला रुपयापर्यंत ठाऊक असते, पण आपण रोज बासष्ट माणसांच्या पोटात किती मीठ घालतो हे एकीलाही सांगता आले नाही.

मी शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले आणि गटाचा हिशेब पाहते, म्हणून मोजणीचे काम माझ्याकडे आले. ही वही त्यासाठी आहे. आधी काहीही न बदलता आठवडाभर फक्त मोजायचे, असे ठरवले आहे. एक ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा इलेक्ट्रॉनिक काटा माझ्या घरी होता, तो केंद्रात आणून ठेवला.

१६ नोव्हेंबर २०२४, शनिवार

मोजण्याची पद्धत अशी: सकाळी स्वयंपाकाला हात लावण्यापूर्वी मिठाची बरणी काट्यावर ठेवायची, डबे भरून झाले की पुन्हा ठेवायची, आणि फरकाला डब्यांच्या संख्येने भागायचे. सोमवारी बरणी १६४० ग्रॅम भरली होती, दुपारी १३८६ ग्रॅम. म्हणजे २५४ ग्रॅम मीठ आणि ६२ डबे. दर डब्याला ४.१ ग्रॅम. पुढच्या पाच दिवसांत हा आकडा ३.९ आणि ४.३ यांच्या दरम्यानच राहिला. मिठासाठी आमच्या स्वयंपाक करणाऱ्या मावशी कधीही चमचा वापरत नाहीत, सारे काम मुठीने आणि चिमटीने चालते, आणि तरीही दिवसामागून दिवस इतका थोडा फरक पडतो, हे पाहून मी त्यांच्या हाताला मनातल्या मनात नमस्कार केला. अंदाज चुकीचा नव्हता. तो जास्तीवर पक्का बसलेला होता.

मात्र बरणीतले मीठ हे सगळे मीठ नव्हे. आमच्या भागात आमटी-भाजीला कांदा-लसणाची चटणी पडते आणि ती उन्हाळ्यात करताना टिकण्यासाठी तिच्यात मीठ घातलेलेच असते. गटाच्या जुन्या वहीत प्रमाण सापडले: एक किलो मिरचीला पाव किलो मीठ, आणि कांदा, लसूण, खोबरे, धणे, तीळ, तेल धरून तयार माल तीन किलो दोनशे ग्रॅम. म्हणजे चटणीत शेकडा आठ भाग मीठ आहे. एका डब्यात सरासरी पाच ग्रॅम चटणी उतरते, त्यातून ०.४ ग्रॅम मीठ आले. आता लोणचे. एक किलो कैरीच्या फोडींना दोनशे ग्रॅम मीठ, दीडशे ग्रॅम मसाला आणि पाव किलो तेल हे आमचे प्रमाण, म्हणजे लोणच्याचा आठवा भाग मीठच. डब्यात दिली जाणारी फोड आणि खार मिळून बारा ग्रॅम भरतात, त्यात दीड ग्रॅम मीठ.

बेरीज सहा ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसभरात पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांतही मर्यादा पाच ग्रॅमचीच आहे. आमचा एका वेळचा डबा दिवसाची मर्यादा ओलांडून पुढे जातो, आणि त्यात चहाबरोबरचे फरसाण, संध्याकाळचे भडंग आणि रात्रीचे जेवण अजून धरलेलेच नाही.

२१ नोव्हेंबर २०२४, गुरुवार

काल विधानसभेच्या मतदानामुळे केंद्र बंद होते. त्या रिकाम्या दिवसात तेलाचा हिशेब पूर्ण केला. दिवसाला १ लिटर ९०० मिलिलिटर शेंगतेल लागते. तेल पाण्यापेक्षा हलके असल्याने त्याचे वजन साधारण १७३० ग्रॅम होते, म्हणजे डब्याला २८ ग्रॅम. दोन हजार कॅलरींच्या आहारासाठी पोषण संस्थेने दिवसभराचे वरून घातलेले तेल-तूप २७ ग्रॅम धरले आहे. इथेही दिवसाचा वाटा आम्ही दुपारीच संपवतो.

गटाच्या बैठकीत हे आकडे वाचून दाखवल्यावर दोन मते पडली. थोरल्या वहिनींचे म्हणणे असे, की चवीवर आलेली गिऱ्हाइके चव गेली की जातील, आणि बाजारात डबेवाल्यांची वाण नाही. दुसरा प्रश्न मला जास्त अवघड वाटला: मीठ कमी करायचे तर लोकांना सांगून करायचे की न सांगता? सांगितले तर पहिल्याच घासाला अळणी लागणार, कारण जीभ शोधायला लागते. न सांगता केले तर दुसऱ्याच्या अन्नात परस्पर बदल केल्यासारखे होते. अखेर असे ठरले, की आपण मीठ-तेल मोजत आहोत आणि हळूहळू कमी करणार आहोत हे फळ्यावर लिहायचे, पण कोणत्या दिवशी किती कमी केले ते लिहायचे नाही. ज्यांना हवे त्यांना एक ग्रॅम मिठाची पुडी डब्याबरोबर फुकट द्यायची.

२ डिसेंबर २०२४, सोमवार

पहिली कपात आजपासून. प्रत्येक पदार्थातून सरसकट दहा टक्के मीठ कमी केले. काट्यावर मीठ आधीच तोलून वाट्यांत ठेवले होते आणि मावशींना त्याच वाट्यांतले घालायची विनंती केली होती.

५ डिसेंबर २०२४, गुरुवार

चार दिवसांत अकरा तक्रारी आल्या. नऊ आमटीच्या, दोन भाजीच्या. चपाती आणि भाताबद्दल एकही नाही. एका विद्यार्थ्याने डबा बंद केला. काल त्यात आणखी एक घोळ झाला: मावशींनी वाटीतले मीठ घातले, आणि त्या फोन घ्यायला बाहेर गेल्या असताना वहिनींनी सवयीने पुन्हा मूठभर घातले. वीस लिटर आमटी खारट झाली. बटाटे टाकून मीठ ओढून घेता येते असे आमच्याकडे मानतात. प्रत्यक्षात बटाटा आपल्या वाट्याचे खारे पाणी शोषतो, उरलेल्या आमटीचा खारटपणा तेवढाच राहतो. शेवटी बिनमिठाची डाळ शिजवून तिच्यात मिसळली आणि आमटी दीडपट झाली. आजपासून नियम केला आहे, की ज्या पातेल्यात मीठ पडले त्याच्या कानाला कापडाची चिंधी बांधायची.

९ डिसेंबर २०२४, सोमवार

आजची नोंद महत्त्वाची आहे आणि तिचे श्रेय सर्वस्वी मावशींचे. सरसकट कपात फसली म्हणून मी कोणत्या पदार्थात किती मीठ जाते ते वेगवेगळे मोजले होते. डब्यामागे भाजीत दीड ग्रॅम, आमटीत दीड ग्रॅमला किंचित कमी, कणकेत ०.७ आणि भातात ०.४. हे आकडे वाचत होते तेव्हा मावशी भाकरी थापत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, ‘भाकरीत कुठं मीठ असतंय, बाई? पण भाकरी अळणी लागली असं कोण म्हणालंय का कधी?’

कुणीच म्हटलेले नाही. भाकरी पिठल्याशी, खर्ड्याशी, आमटीशी खाल्ली जाते आणि चव तिकडून येते. मग चपातीच्या कणकेत आणि भाताच्या पाण्यात मीठ कशासाठी? जीभ चवीची दखल घेते ती आमटीत आणि भाजीत. कणकेतले आणि भातातले मीठ तिच्या लक्षातही येत नाही, पण रक्तात ते तेवढेच जाते. ज्या मिठाची कुणाला जाणीवच नाही ते आधी काढायचे आणि ज्याची जाणीव आहे त्याला शेवटी हात लावायचा, असा क्रम त्यातून निघाला. मी इतकी वर्षे विद्राव्यता शिकवली, पण मला हे सुचले नव्हते.

आमटी-भाजी आज पूर्ववत केली. भातातले मीठ पूर्ण बंद. कणकेतले आठवड्याला एक चतुर्थांश या गतीने काढायचे.

१७ डिसेंबर २०२४, मंगळवार

भाताबद्दल एकही तक्रार नाही. मीठ घटल्यावर कणीक हाताला थोडी सैल आणि चिकट लागते, असे चपात्या लाटणाऱ्या दोघींनी सांगितले. पाणी थोडे कमी घेऊन आणि कणीक अर्धा तास झाकून ठेवून ते जमले.

स्टेंट बसवलेल्या गृहस्थांचा मुलगा पुण्याहून कमी सोडियमच्या मिठाचे पाकीट घेऊन आला आणि हेच सगळ्यांना वापरा, म्हणजे एवढी मोजामोज नको, असे म्हणाला. त्याचे म्हणणे निराधार नाही. चीनमधल्या सहाशे खेड्यांत सुमारे एकवीस हजार लोकांवर झालेला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात निम्म्या गावांना नेहमीच्या मिठाऐवजी तीन भाग साधे मीठ आणि एक भाग पोटॅशियम क्लोराइड असे मिश्रण दिले होते, आणि त्या गावांत पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी कमी आढळले. तरीही आम्ही नकार दिला. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांना जादा पोटॅशियम घातक ठरू शकते, कारण ते शरीराबाहेर पडत नाही आणि वाढले की हृदयाचे ठोके बिघडतात. बासष्ट जणांपैकी कुणाची मूत्रपिंडे कशी आहेत हे आम्हाला माहीत नाही. हे मीठ ज्याचे त्याने डॉक्टरांना विचारून घरी वापरावे. सार्वजनिक पातेल्यात ते नको.

२ जानेवारी २०२५, गुरुवार

तेलाकडे वळलो. अठ्ठावीस ग्रॅमपैकी सहा ग्रॅम तेल तीन चपात्यांना वरून लावण्यात जाते, हे मोजेपर्यंत कुणाच्या लक्षात आले नव्हते. चपाती मऊ राहावी म्हणून ते लावतात. पर्याय म्हणून चपात्या गरम असतानाच कापडात गुंडाळून डब्यात भरल्या आणि वरचे तेल फक्त तिसऱ्या चपातीला लावले; चार ग्रॅम तिथेच वाचले. आमटीवरच्या कटाचा, म्हणजे वर तरंगणाऱ्या तेलाच्या थराचा, प्रश्न मात्र नाजूक आहे. वर तांबडा कट दिसला नाही तर आमच्या माणसांना आमटी दिसतच नाही. फोडणीचे तेल तीन पळ्यांवरून दोन पळ्यांवर आणले आणि चटणी उकळीत न टाकता फोडणीतच मंद आचेवर परतली, तेव्हा कमी तेलातही रंग उतरला.

शनिवारच्या कांदाभज्यांबद्दल मला बोलायलाच हवे होते. तळून उरलेले तेल सोमवारच्या फोडणीला वापरायची पद्धत आमच्याकडे पहिल्या दिवसापासून होती, आणि ती काटकसर म्हणून मीही हिशेबात कौतुकाने लिहीत आले. तेल पुन्हापुन्हा तापवले की त्यात विघटनाची घातक द्रव्ये साठत जातात. देशाच्या अन्नसुरक्षा नियमांत अशा ध्रुवीय संयुगांची मर्यादा २५ टक्के ठरवून दिली आहे. ते मोजण्याचे यंत्र आमच्याकडे नाही, पण तेल काळवंडणे, फेसाळणे, बोटाला चिकट लागणे या खुणा प्रत्येकीला ओळखता येतात, आणि त्या दिसूनही आपण ते वापरत होतो, हे बैठकीत सगळ्यांनी कबूल केले. भजी बंद केली. त्या जागी भाजणीचे थालीपीठ ठेवले आहे.

१३ जानेवारी २०२५, सोमवार

आज भोगी. तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि भोगीची मिसळीची भाजी: वांगी, घेवडा, गाजर, पावटा, ओला हरभरा, बोरे, आणि तिळाचा व शेंगदाण्याचा कूट. मावशींना आज वाटीतले मीठ आपणहून कमी घ्यायला सांगितले. त्यांनी नेहमीच्या भाजीच्या दोन-तृतीयांश मिठात भाजी केली आणि ती इतकी चविष्ट झाली, की चार घरांतून पुन्हा मागणी आली. भाजलेल्या तिळाचा खमंगपणा, गाजराची गोडी, बोराची आंबट-तुरट चव, पावट्याचा स्वतःचा वास. इतके काही तोंडात असताना मिठाला फारसे काम उरत नाही. आता मंगळवारी आणि शुक्रवारी रस्सा पातळ न करता कुटाची दाट भाजी करायची, मटकीच्या उसळीत शेवटी लिंबू पिळायचे आणि आमटीत चिंचेबरोबर आमसूल टाकून पाहायचे, असे ठरले. उसळ लवकर शिजावी म्हणून टाकला जाणारा खाण्याचा सोडाही बंद केला, कारण त्याच्या वजनाच्या सुमारे २७ टक्के सोडियमच असते आणि ते मिठासारखे जिभेला कळत नाही. पापडातल्या पापडखाराचेही तेच. पापड आता आठवड्याला एकदा, भाजलेला.

पालेभाजीतली एक गोष्ट याच आठवड्यात लक्षात आली. मेथी किंवा चाकवत कढईत टाकला की ढीग दिसतो, त्या ढिगाच्या अंदाजाने मीठ पडते, आणि दहा मिनिटांत भाजी आळून पाव हिश्श्याने उरते. मीठ मात्र तेवढेच असते. आता पालेभाजीत मीठ आळल्यानंतरच घालायचे. एवढ्या एका बदलाने पालेभाजीच्या दिवशी मीठ तिसऱ्या हिश्श्याने घटले, आणि भाजी पहिल्यांदाच खारट न होता हिरवी लागली.

२९ जानेवारी २०२५, बुधवार

आकडे डब्याचे सुधारले, पण डबा करणाऱ्यांचे काय, असा प्रश्न एका सदस्येच्या मुलीने विचारला. ती परिचारिका आहे. तिने आज यंत्र आणून सगळ्यांचा रक्तदाब घेतला. आधी तिने आम्हाला पाच मिनिटे गप्प बसवले. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीला, अर्धा तास आधी चहा नाही, आणि एका मिनिटाच्या अंतराने दोन वेळा मोजणी. नऊ बायकांना एकत्र गप्प बसवणे हाच त्या प्रयोगातला कठीण भाग होता.

मावशींचा रक्तदाब दोन्ही वेळा १५६/९४ च्या आसपास आला. त्यांना काहीच त्रास होत नव्हता, आणि उच्च रक्तदाबाची अडचण तीच आहे. उद्या वहिनी त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जाणार आहेत.

यंत्र आवरताना आणखी एक गोष्ट निघाली. मावशी आणि आणखी दोघी रोज मशेरी लावतात. मी हे रोज पाहत होते आणि दात घासण्याचाच प्रकार म्हणून सोडून देत होते. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखू. निकोटिन हिरड्यांतून रक्तात जाते, रक्तवाहिन्या आकसतात आणि नाडी वाढते. बावन्न देशांत झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंटरहार्ट अभ्यासाच्या पुढील विश्लेषणात, नुसता तंबाखू चघळणाऱ्यांनाही हृदयविकाराच्या झटक्याचा धोका सुमारे दुप्पट दिसला होता. आम्ही डब्यातले एकेक ग्रॅम मीठ मोजत असताना हे आमच्याच ओट्यावर चालले होते. मावशींना उपदेश केला नाही. त्यांनीच विचारले, ‘हे पण मोजणार का?’ मी होय म्हटले. मशेरीच्या डबीवर आता तारीख लिहून ठेवली आहे. एक डबी किती दिवस पुरते ते पाहायचे.

१२ फेब्रुवारी २०२५, बुधवार

डबे पोहोचवणारा मुलगा अंगाने काडी आहे आणि त्याला या सगळ्याचे हसू येते. ‘मला कशाला हार्टचं टेन्शन, बाई, माझ्या अंगावर मांस कुठं आहे?’ त्याला मी पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांची गोष्ट सांगितली. २००४ मध्ये त्यांनी आणि ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच छायाचित्र दिले. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. आपली माणसे वरून बारीक दिसली तरी चरबी पोटाच्या आत साठवतात, म्हणून काट्यापेक्षा टेप जास्त खरे सांगते. भारतीय पुरुषांत कंबर ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या वर गेली की सावध व्हायचे. मुलाची कंबर मोजली, ती मर्यादेत निघाली. मग त्याने माझी मोजायला मागितली. माझी ९१ सेंटिमीटर भरली. हे वहीत लिहिणे भाग आहे.

दिवसभर ओट्यापाशी उभे राहतो म्हणजे व्यायाम झाला, असा आमचा समज होता. पण उभे राहण्याने दम लागत नाही. आठवड्याला किमान १५० मिनिटे अशा वेगाने चालायला हवे, की बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही. सोमवारपासून आम्ही पाच जणी पहाटे आमराईत चालतो. तिघी टिकल्या आहेत.

२६ फेब्रुवारी २०२५, बुधवार

महाशिवरात्र. चाळीस जणांनी उपवासाचा डबा मागितला. सैंधव वापरले म्हणजे मीठ कमी, असे बहुतेकांना वाटते. सैंधवही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे आणि त्यात सोडियम जवळजवळ तेवढेच असते, शिवाय बहुतेक वेळा आयोडीन नसते. साबुदाण्याच्या खिचडीत तूप आणि कूट मिळून जे उतरले ते मोजून मी थक्क झाले, पण तो आकडा वर्षातल्या मोजक्या दिवसांचा आहे म्हणून त्यावर भांडण काढले नाही. वरीचा भात आणि दाण्याची आमटी हा पर्याय पुढच्या एकादशीला ठेवू.

१८ मार्च २०२५, मंगळवार

गेल्या पंधरवड्याची सरासरी: बरणीतले मीठ डब्याला २.८ ग्रॅम, चटणीतून ०.४. लोणचे आता मागितले तरच देतो, आणि ते वीस-बावीस जण मागतात. आपल्याकडे ताट वाढताना मीठ, लिंबू, चटणी, लोणचे, कोशिंबीर हे सारे डाव्या बाजूला येते आणि ते वाढणाऱ्याच्या हाताने थोडे थोडे पडते. डब्यात मात्र डावी बाजू झाकणात दाबून भरली जाते आणि दिली म्हणून खाल्ली जाते. कोशिंबीर आम्ही वाढवली: काकडी, गाजर, मुळा, कूट, वरून लिंबू, मीठ नाही. सहा ग्रॅमवरून लोणच्याशिवाय ३.२ ग्रॅमवर आलो. तेल १९ ग्रॅम. मिठाच्या पुड्या डिसेंबरमध्ये दिवसाला अठरा जात, आता चार-पाच जातात. यापुढे आमटीला हात लावायचा नाही असे मी ठरवले आहे, २.८ च्या खाली एकदा जाऊन पाहिले आणि तीन दिवसांत पुड्या पुन्हा बारावर गेल्या. घरी जाऊन लोक वरून मीठ घालत असतील तर आमच्या आकड्याला अर्थ नाही.

मावशींचा रक्तदाब आज १३४/८४. त्यांना गोळी सुरू आहे, त्या मशेरी एकदाच लावतात आणि दुपारी आमचाच डबा जेवतात. यातले कशामुळे किती उतरले हे सांगता येणार नाही आणि सांगायचा मोहही नको. गोळी बंद करायची का, असे त्यांनी विचारले. तेवढे एक मात्र डॉक्टरांना विचारल्याखेरीज करायचे नाही, हे चार वेळा बजावले.

बैठकीत फिनलंडच्या उत्तर करेलिया प्रांताची हकिकत वाचून दाखवली. तिथे मध्यमवयीन पुरुष हृदयविकाराने फार मोठ्या संख्येने दगावत होते. १९७२ मध्ये लोणी, मीठ आणि धूम्रपान कमी करण्याचा प्रकल्प डॉ. पेक्का पुस्का यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला आणि पुढच्या चार दशकांत त्या वयाच्या पुरुषांतले हृदयविकाराचे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटले. आमच्या बायकांना त्यातली एकच गोष्ट भावली: त्या कामात गृहिणींच्या संघटनेने गावोगावी स्वयंपाक करून दाखवला होता. वहिनी म्हणाल्या, तिकडेही शेवटी पातेल्यापाशीच जावे लागले म्हणायचे.

८ एप्रिल २०२५, मंगळवार

वर्षाची चटणी करायचे दिवस आले. बारा किलो मिरची उन्हात वाळत आहे. चटणीतले मीठ हे वर्षभराचे असते; एकदा कुटले की काढता येत नाही, म्हणून आजची बैठक सगळ्यांत लांबली. मीठ निम्मे करावे असा माझा प्रस्ताव होता. वहिनींनी तो साफ फेटाळला: भाजलेला कांदा ओलसर राहिला आणि मीठ कमी पडले तर पावसाळ्यात बरणीला बुरशी येईल, आणि मग सगळीच चटणी उकिरड्यावर. हे खरे आहे. मीठ पाणी धरून ठेवते म्हणून बुरशीला वाढायला जागा मिळत नाही; चटणीत ते चवीपेक्षा त्या कामासाठी जास्त असते. मावशींनी तोडगा सुचवला: कांदा आधी दोन उन्हे कडकडीत वाळवायचा, मगच तेलात तांबूस होईपर्यंत तळायचा, आणि लसूणही सावलीत सुकवून घ्यायचा. पाणीच राहिले नाही तर मिठाचे काम हलके होईल.

शेवटी दहा किलो मिरचीला किलोमागे दीडशे ग्रॅम आणि उरलेल्या दोन किलोला पूर्वीचे पाव किलो, असे ठरले. चिनी मातीच्या बरण्या धुऊन उन्हात पालथ्या घातल्या आहेत. तळाशी हिंगाचे खडे टाकायचे. प्रत्येक बरणीवर तारीख, मिठाचे प्रमाण आणि भरतानाचे वजन लिहिलेली चिठ्ठी चिकटवायची. नव्या प्रमाणाच्या बरण्या रोज उघडल्या जातात त्या फळीवर, जुन्या प्रमाणाच्या वरच्या फळीवर. पहिली तपासणी जून संपताना, पाऊस लागल्यावर.